मामाचा हिरवा चौकोन

त्या कारखान्यात नवीन असं काहीच बनत नसे. तिथे यायच्या त्या मोडलेल्या, थकलेल्या चाकांच्या खुर्च्या. दवाखान्यांतून यायच्या, शाळांतून यायच्या, कुणाच्या घरातून आजोबांच्या उशीसकट यायच्या, आणि बऱ्या होऊन परत जायच्या. दाराशी त्यांना आंघोळ घातली जाई. मग सांगाड्याचं टेबल, मग चाकांचं, मग बैठकीचं, आणि शेवटी तपासणी. तोवर ज्याची खुर्ची तो माणूस कुठेतरी पलंगावर दाराकडे डोळे लावून बसलेला असे. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून टेबलांवर कुणी खुर्चीला ‘खुर्ची’ म्हणत नसे. ‘पेशंट घे’, ‘पेशंट पुढे सरकव’ अशीच भाषा.

ठमी वरच्या मजल्यावर बसे. तिचं खरं नाव हजेरीत होतं तेवढंच. चाकांच्या टेबलावर तिचा सख्खा मामा होता, तो तिला लहानपणापासून ठमी म्हणे, आणि मामाचं ऐकून सगळ्या कारखान्याने तेच उचललं. तिचं काम जरा निराळं होतं. ती खुर्ची दुरुस्त करत नसे, खुर्चीचा प्रवास बघत असे. कुठली खुर्ची कुठे थांबली, किती थांबली, का थांबली. त्यासाठी तिने खालच्या भिंतीवर एक मोठा पडदा बसवून घेतला होता. सगळे त्याला फळा म्हणत. फळ्यावर दर टेबलाचा एक चौकोन. टेबलावरचं काम संपलं की तिथल्या माणसाने ‘झाली’ असं बटण दाबायचं. दाबलं की ती खुर्ची फळ्यावर पुढच्या चौकोनात जाऊन बसे आणि तिथलं घड्याळ सुरू होई. सगळं वेळेत असलं तर चौकोन हिरवा. रेंगाळलं तर पिवळा. फारच रेंगाळलं तर लाल.

फळा लागला तेव्हा सुरुवातीचे काही दिवस चाकांचा चौकोन लाल व्हायचा. मग एकदम सुधारणा झाली. लाल गेलं, पिवळंही गेलं, आणि मामाचा चौकोन जो हिरवा झाला तो झालाच. उलट सांगाड्याचं आणि बैठकीचं टेबल लाल होऊ लागलं.

मामा खूश. घरी जेवताना तो ठमीला ऐकवी, “तुझ्या यंत्राला माणसाची पारख आहे हो! मला वाटलं होतं, मेलं आमच्यासारख्या जुन्या हाडांना घालवायलाच आणलंय.”

“तुला कोण घालवणार मामा?”

“तसं नव्हे, पण एक भीती असतेच ना. बरं, जरा एवढं झाकण उघडून दे. घट्ट बसलंय.”

झाकण घट्ट नव्हतं. ठमीने दोन बोटांनी फिरवलं आणि ते निघालं. परवा शर्टाच्या बटणाचंही असंच झालं होतं. मामाची बोटं आता पूर्वीसारखी वळत नव्हती, हे घरात दिसत होतं आणि फळ्यावर दिसत नव्हतं. ठमीच्या मनात तिथे कुसळ रुतलं.

त्यातच मॅडमनी तिला बोलावलं. मॅडम म्हणजे कारखान्याच्या मालकीणबाई. बोलायला तुटक, पण मनाने सरळ. टेबलावर ठमीनेच काढून दिलेले आलेख पसरलेले होते.

“मोठ्या दवाखान्याचं काम मिळालंय,” त्या म्हणाल्या. “खुर्च्या दुप्पट येतील. तुझे आकडे बघितले. सांगाडेवाला सदा लाल, तुझा मामा सदा हिरवा. तेव्हा सोमवारपासून त्याच्याकडचं ब्रेकचं काम मामांकडे द्यायचं. त्यांच्या हाताला वेग आहे.”

“मामाकडे? चाकं सांभाळून ब्रेकही?”

“तूच म्हणतेस ना, आकड्यांवर विश्वास ठेवा म्हणून? ठेवला.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ठमी जागेवर येऊन बसली आणि तिने चाकांच्या टेबलाचे सगळे आकडे पुन्हा उघडले. पोरं गणित चुकल्यावर उत्तराकडे बघत बसतात, पण चूक उत्तरात नसते, वरच्या कुठल्यातरी पायरीत असते. तशी ती एकेक पायरी वर गेली, आणि तिला एक अजब गोष्ट दिसली. मामाच्या टेबलासमोर कुठलीच खुर्ची कधीही थांबलेली नव्हती. एक जाते आणि नेमक्या त्याच घटकेला दुसरी येते. शाळेच्या नळावरसुद्धा मधल्या सुट्टीत रांग लागते. ज्या टेबलासमोर रांगच लागत नाही असं टेबल जगात नसतं. असलंच, तर रांग कुणीतरी लपवलेली असते.

ती खाली उतरली.

सांगाड्याच्या टेबलावर ठिणगीदादा होता. वेल्डिंगच्या ठिणग्यांत दिवस काढायचा म्हणून हे नाव. अंगापिंडाने दांडगा, मनाने लोणी. त्याच्या पाठीमागे भिंतीशी ताडपत्रीने झाकलेला एक मोठा ढीग होता.

“दादा, हे काय आहे?”

“भंगार,” ठिणगीदादा म्हणाला आणि ढिगाच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. चोराच्या मनात चांदणं!

ठमीने बाजूने हात घालून ताडपत्री उचलली. आत ओळीने सांगाडे उभे. जोडलेले, घासलेले, रंग वाळलेले.

“हे तर पूर्ण झालेत! मग ‘झाली’ का नाही दाबलंत? तुमचा चौकोन लाल होतोय इथे!”

“होऊ दे की. मला लाल आवडतो.”

“दादा!”

ठिणगीदादाने डोकं खाजवलं. त्याने मदतीसाठी पलीकडे पाहिलं. पलीकडे बैठकीच्या टेबलावर शिवणमावशी मशीनवर रेक्झिन शिवत होत्या. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि तिथूनच तोफ डागली.

“त्याला काय दटावतेस? मला विचार. मीच सांगितलं त्याला. मामांचं टेबल मोकळं होईस्तोवर बटणाला हात लावायचा नाही म्हणून.”

“पण का, मावशी?”

“का म्हणे! तू वर बसतेस, तुला रंग दिसतो. आम्ही इथे बसतो, आम्हाला माणूस दिसतो. तुझा फळा लागला त्या आठवड्यात मामांचा चौकोन लाल झाला, आणि डबा न उघडताच परत पिशवीत गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. लाल पडलं की तुझा मामा जेवत नाही, हे आहे तुझ्या आकड्यांत कुठे?”

मावशींचा आवाज उतरला. “मामांचे हात ग्रीसचे असतात म्हणून त्यांचं बटण मीच दाबते ना? ते चाक फिरवत असतानाच मी ‘झाली’ दाबून टाकते. मग घड्याळ माझ्याकडे येतं. माझं काय, मी लाल झाले तरी दोन घास जास्तच खाते.”

“मामाला माहीत आहे?”

“वेडी आहेस का? झाकली मूठ आहे ती.”

ठमीला हसावं की रडावं कळेना. इतक्या मायेने खोटे आकडे कुणी भरल्याचं तिने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पण त्या मायेनेच मामाला खड्ड्याच्या काठावर आणून ठेवलं होतं. सोमवारचा ब्रेकचा निर्णय तिने दोघांना सांगितला. मावशींच्या हातातली कात्री तशीच राहिली.

“अगं बाई! मरतील ते!”

“आणि खरं सांगितलं,” ठिणगीदादा हळूच म्हणाला, “तर मॅडम त्यांना घरी बसवतील. मग काय करायचं?”

हाच तर खरा पेच होता. इकडे आड, तिकडे विहीर.

जेवणाची घंटा झाली. सगळे बाहेर गेले, तरी मामा स्टँडवर एक चाक लावून बसला होता. ठमी त्याच्या शेजारी उपडी ठेवलेली बादली ओढून बसली. लहानपणीही ती अशीच बसायची. तिने काही लपवलं नाही. ताडपत्री, बटण, ब्रेक, सगळं सांगून टाकलं.

मामाचा चेहरा आधी लाल झाला. “मी काय कुकुलं बाळ आहे? सांभाळून घेताहेत मला!” मग तो स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. राग ओसरला आणि खाली जे होतं ते वर आलं. “ठमे, म्हणजे यंत्राने पारख केलीच नव्हती तर. मी आपला उगाच फुगलो.” मग तो म्हणाला, “त्यांना दाबू दे तसंच. ब्रेक मी करीन कसेतरी. खरं कळलं तर घरी बसवतील. घरी बसून मी काय करू? भिंती मोजू?”

ठमीने स्टँडच्या खाचेतला खडूचा तुकडा उचलला. चाक वाकडं कुठे आहे ते डोळ्याला दिसत नाही. म्हणून चाक फिरवायचं आणि कडेजवळ खडू स्थिर धरायचा. सरळ भाग खडूला न शिवता निघून जातो. जिथे चाक बाहेर आलेलं असतं तिथेच रेघ उमटते. मग तिथल्या तारा कसायच्या.

“हे मला कुणी शिकवलं?” तिने विचारलं.

“मीच. आणि तू भोकाड पसरलं होतंस. चांगल्या चाकावर रेघोटी ओढली म्हणून.”

“आणि काय केलं होतं मी?”

मामाच्या ओठाच्या कडेला हसू आलं. “फ्रॉकने पुसून टाकलीस. आईचा मार खाल्लास.”

“तू काय म्हणाला होतास मला?”

मामा स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाला, “पुसलीस. आता चाक सरळ झालं का?”

“ठिणगीदादा आणि मावशी फ्रॉकने रेघ पुसताहेत, मामा. आणि चूक माझीही आहे. खडू कसा धरतात ते मी कुणाला समजावलंच नाही, नुसता भिंतीवर टांगला. रेघ म्हणजे रागावणं नव्हे.”

मामाने चाकाला टिचकी मारली. चाक फिरत राहिलं, खडूची रेघ पुन्हा पुन्हा समोरून गेली. ते थांबायची वाट न पाहता तो उठला, फडक्याने हात पुसले, आणि बाहेर ओट्यावर जेवत बसलेल्या मंडळींसमोर जाऊन उभा राहिला.

“ठिणग्या, ऊठ. तुझं ते भंगार उघड आणि सगळ्यांचं ‘झाली’ दाब.”

ठिणगीदादाचा घास हातातच राहिला. “मामा, ते...”

“दाब म्हणतो ना! आणि मावशी, आजपासून माझं बटण मी दाबणार. ग्रीस लागलं तर लागलं.”

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. “आम्ही चांगल्यासाठीच केलं हो.”

“ठाऊक आहे मला. चांगल्यासाठी केलंत म्हणूनच बोलवेना मला,” मामा म्हणाला.

बटणं दाबली गेली. फळ्यावर सांगाड्याचा चौकोन हिरवा झाला, आणि चाकांचा पिवळा होत होत लालभडक. ते वरून बघून मॅडमच खाली आल्या.

“हे काय? यंत्र बिघडलं?”

“आत्ताच नीट झालंय,” मामा पुढे होऊन म्हणाला. “मॅडम, ब्रेक मला झेपायचे नाहीत. चाकंच मला उशिरा होतात. ही पोरं ते झाकत होती. त्यांना काही बोलू नका.”

मॅडम एकेकाच्या तोंडाकडे बघत गेल्या. मग ठमीकडे वळल्या. “म्हणजे मी ज्यावर निर्णय घेतला ते आकडे...”

“मायेचे होते, मॅडम. खरे नव्हते.”

“आणि आता मामांचं काय करायचं?”

ठमीने फळ्याकडे पाहिलं.

“ते आत्ता मला ठाऊक नाही,” ठमी म्हणाली. “चाकाचं काम उशिरा होतं एवढंच कळलंय. त्यातलं नेमकं कुठलं, ते कळलेलं नाही. थोडे दिवस खरं मोजू द्या. तोवर काही ठरवू नका.”

मॅडमनी मान हलवली. “मोज. पण ब्रेक राहिले ठिणगीकडेच.”

ठमीने फळ्यावर मामाच्या चौकोनाचे तुकडे पाडले: जुन्या तारा काढणं, नव्या ओवणं, चाक सरळ करणं. प्रत्येकाला वेगळं बटण. मामा कुरकुरत, ग्रीसच्या बोटांनी पडदा बरबटवत दाबत राहिला. आठवडा सरला आणि ठमी आलेख घेऊन धावतच खाली आली.

“मामा, हे बघ! चाक सरळ करायला तुला वेळच लागत नाही. ओवायलाही नाही. सगळा वेळ जातो तो गंजलेले नट सोडवण्यात!”

“ते माझ्या बोटांना विचारलं असतंस तरी सांगितलं असतं त्यांनी.”

“मग तू का नाही सांगितलंस?”

“कसं सांगणार? त्याला म्हातारपण म्हणतात असं वाटलं मला. नट म्हणतात हे कुठे ठाऊक होतं?”

ठिणगीदादा मध्येच ओरडला, “नट ना? इकडे टाका! आता सांगाडे लपवायचं काम गेलंय, हात रिकामेच आहेत माझे!” त्याने पान्याने एक गंजका नट असा सोडवला की जणू शेंगेतला दाणा.

मॅडमनी नवी वाटणी मान्य केली. नट सांगाड्याच्या टेबलावर गेले, तारा आणि खडू मामाकडे राहिले. मामाने फक्त एक हट्ट धरला. लाल रंग काढ म्हणाला, खडूसारखा पांढरा कर. ठमीने केला.

पुढे दवाखान्याच्या खुर्च्या आल्या तेव्हा एका दुपारी चाकांचा चौकोन पांढरा झालाच. शिवणमावशींचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि त्यांनीच तो मागे घेतला. सगळ्यांनी चोरून मामाकडे पाहिलं. मामाने मान वर करून फळा पाहिला, डबा उघडला, एक घास तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानेच हाक मारली,

“ठिणग्या, खडू लागला रे इथे! जेवून झालं की ये जरा.”