खुर्ची ते दार

“पर्स नंतर ठेवा, मधल्याताई. आधी टेबल बघा,” पार्श्वभूमी रंगवणारे काका दारातच म्हणाले आणि लगेच आपल्या डोंगरात डोकं घालून बसले.

कार्टूनपटांच्या त्या स्टुडिओत तिला सगळे मधल्याताई म्हणत. पात्राची पहिली पोज साहेब काढत, शेवटचीही साहेबच. मधली सगळी हालचाल, चित्रामागून चित्र, हिची. सव्वीस वर्षं तिने कुणाकुणाला उठवलं, बसवलं, पळवलं. पडद्यावर नाव कधी आलं नाही, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही.

या वेळी एक आजी होती. खुर्चीतून उठायचं, दारापर्यंत जायचं, बस. पण तिने त्या आजीत गुपचूप स्वतःची आई घातली होती. उठताना गुडघ्यावर हात, एक उसासा, मग डावा पाय जरा उशिराच. सत्तरातली तीस चित्रं झाली आणि हॉस्पिटलमधून फोन आला.

आई हॉस्पिटलच्या पलंगावरून पुन्हा उठली नाही. पंधरा दिवसांनी कामावर येताना बसमध्ये तिला एकच धास्ती होती. काम अडलं की साहेबांची कात्री तयार! खुर्ची दाखवतील, दार दाखवतील, मधलं चालणं उडवतील. आईला एकदा घालवून झालं होतं. पुन्हा घालवायचं तिच्यात बळ नव्हतं.

टेबलावर कागदांचा जाडजूड गठ्ठा होता. तिने तो अंगठ्याने फडफडवला. आजी उठली, चालू लागली. एकतिसाव्या चित्राला ती थांबायला हवी होती, पण बाई चालतच राहिली! काही पावलं गुबगुबीत, म्हणजे रंग भरणाऱ्या वहिनींच्या हातची. पुढची पट्टीने आखल्यासारखी, ती कॅमेरावाल्याची. नंतर तर आजी झाडासारखी ताठ, खांद्यातून फांदी फुटायचीच काय ती बाकी.

“हे तुमचं ना, काका?”

“जन्मात माणूस काढला नाही हो मी. ढग सांगा, डोंगर सांगा. जेवणाच्या सुट्टीत जमेल तसं ओढलं सगळ्यांनी.”

“डावा पाय मात्र कुणी चुकवला नाही हं,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या आईंची चाल ओळखली आम्ही, तुमची चित्रं समोर ठेवूनच काढलं. साहेबांच्या पोजआधीचं शेवटचं एक तुम्हाला ठेवलंय. आमची हिंमत झाली नाही.”

ती हसायला गेली आणि डोळेच भरून आले. आपण तिकडे आईच्या उशाशी बसलो होतो, तेव्हा इकडे या माणसांनी तिला हाताला धरून चालवत आणलं होतं. हे ऋण कसं फेडायचं, तिला कळेना.

तेवढ्यात साहेब आले. गठ्ठा चाळला, कपाळाला आठ्या पडल्या. “चार हात दिसतायत यात. संध्याकाळपर्यंत एका हाताचं झालं तर ठेवतो. नाहीतर कापू.”

“होईल, साहेब. पावलं जागेवर आहेत. रेघ तेवढी सारखी करायचीय.”

तिने काचेखालचा दिवा लावला. प्रत्येकाच्या चित्रावर कोरा कागद ठेवून ती रेघ उतरवू लागली. वहिनींची गोलाई थोडी काढली, पट्टी थोडी वाकवली. काकांच्या झाडाला माणसात आणताना घाम फुटला. कुणी न सांगता पेन्सिली टोकदार होऊन हाताशी येत होत्या. शेवटचं चित्र मात्र तिने सावकाश काढलं, एकटीने.

संध्याकाळी साहेब गठ्ठा घेऊन उभे राहिले. सगळे त्यांच्यामागे गोळा झाले. ती तेवढी खिडकीकडे तोंड करून थांबली. बघायचा धीर होईना.

कागद फडफडले. पुन्हा एकदा फडफडले.

“पूर्ण ठेवू,” साहेब म्हणाले.

तिने वळून पाहिलं नाही. “पोचली का हो, काका?”

“पोचल्या,” काका म्हणाले. “सावकाश गेल्या. कुठे अडखळल्या नाहीत.”