टाकीतल्या पंपाचा आवाज

आमच्या गॅरेजवर पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. लोक विचारत येतात ते "कानवाले मेस्त्री कुठे बसतात?" असं. कानवाले मेस्त्री म्हणजे आमचे हे. गाडी दारात शिरते न शिरते तोच बेअरिंग वाजतंय की सायलेन्सर फुटलाय ते सांगणारे. माझं लग्न ठरलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "माणूस बोलतो कमी, पण ऐकतो फार." बायकोचं ऐकतो असा मी त्याचा अर्थ घेतला आणि तिथेच फसले.

मी पुढच्या काचेच्या खोलीत बसते. सुटे भाग विकते, गिऱ्हाइकांशी बोलते, फोन घेते. वर्षभरात यांनी फोन घेणंच सोडलंय. मुलीचा फोन आला तरी "बरी आहेस ना?" एवढं विचारून तो माझ्या हातात देतात. "घे, तुझ्याशीच बोलायचंय तिला." घरी टीव्ही इतका मोठा लागतो की वरच्या मजल्यावरच्या बाईला बातम्यांसाठी स्वतःचा लावावा लागत नाही. मी काही म्हटलं की, "स्पष्ट बोल की. पुटपुटतेस काय?" तेच मोठ्याने सांगितलं की, "ओरडतेस कशाला?" एकदा मी धीर करून म्हटलं, चला, कान दाखवून येऊ. त्यावर त्यांनी अबोला धरला. आधीच कमी ऐकणाऱ्या माणसाने अबोला धरल्यावर घरात राहतं काय? मी पुन्हा तो विषय काढला नाही.

गॅरेजात गिऱ्हाईक यांना काही विचारू लागलं की मी मध्ये पडते आणि उत्तर देऊन टाकते. लोक म्हणतात, वहिनींच्या तोंडाचा पट्टा फार चालतो. म्हणू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्याकडे मोठी यंत्रं नाहीत, कॉम्प्युटर नाही. यांचा कान आहे, आणि माणसं त्याच्यासाठी येतात. तो गेला हे एकदा बाहेर कळलं की चौकातल्या चकचकीत गॅरेजाचं फावेल आणि हे रिकाम्या शेडमध्ये हात पुसत बसतील. गिऱ्हाइकं गेली तर आम्ही कसंही निभावू. त्या रिकाम्या शेडमध्ये बसलेल्या या माणसाकडे बघण्याची मात्र मला भीती वाटते.

त्या दिवशी उजेड असा नव्हताच. सकाळीच शेडमधले दिवे लावावे लागले होते. बेकरीवाला आपली व्हॅन दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत घेऊन आला. बेकरीवाल्याचा आवाज म्हणजे भोंगा. तो कुणाच्या कानात सांगतो ते गल्लीच्या टोकापर्यंत कळतं. म्हणूनच की काय, हे हल्ली मोकळेपणाने गप्पा मारतात त्या फक्त त्याच्याशी.

"मेस्त्री! सेल्फ मारला की इंजिन गरागरा फिरतंय, पण पकडतच नाही! काल रात्री चांगली धडधाकट उभी केली होती! उद्या पहाटे माल पोचला नाही तर माझं काही खरं नाही!"

गाडी फिरते पण चालू होत नाही, म्हणजे तिला एकतर ठिणगी मिळत नाही किंवा पेट्रोल मिळत नाही. पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलायला टाकीत एक छोटा पंप असतो. किल्ली फिरवली की सेल्फ मारायच्या आधी तो क्षणभर गुणगुणतो आणि थांबतो. इतर गॅरेजांत पेट्रोलचा दाब बघायला गेज जोडतात. आमच्याकडे मेस्त्री मागच्या सीटवर कान टेकतात, कारण टाकी तिच्याच खाली असते.

ते सुरू झालं की गॅरेजात कुणी हलत नाही. मेस्त्री एक बोट वर करतात. आमचा कारागीर लंबू कॉम्प्रेसर बंद करतो, मग रेडिओ. गिऱ्हाईकसुद्धा खोकला दाबून धरतं. किल्ली फिरते. मेस्त्री अंगठा वर करतात किंवा मान हलवतात, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. मी मागे एकदा बाजारातून गेज आणलं होतं. ते बघून हे म्हणाले, "माझ्यावर तपासनीस नेमलास होय?" तेव्हापासून ते खोक्यासकट माझ्या खणात पडून आहे.

त्या सकाळीही बोट वर झालं. मी काचेआड फोनवर होते; पंपाचा बारीक आवाज तिथवर येत नाही, मला फक्त दिसत होतं. बेकरीवाल्याने चक्क स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता. लंबूने किल्ली फिरवली. हे सीटवर कान टेकून वाकलेले, डोळे मिटलेले. मग अंगठा वर झाला.

"पंप गुणगुणतोय," हे म्हणाले. "करंट बघ."

लंबू आमच्याकडे फार जुना. केस पिकले, पोट सुटलं, पण उंचीवरून पडलेलं नाव काही सुटलं नाही. त्याने प्लग काढले. ठिणगी चांगली निळी, टणटणीत पडत होती. मग प्लग हातात घेऊन तो उलटेसुलटे करत बसला.

"मेस्त्री," तो मोठ्याने म्हणाला, "कोरडे ठणठणीत आहेत. एवढा सेल्फ मारलाय, पेट्रोलने ओले व्हायला हवे होते."

"म्हणजे पेट्रोल येतंय, पण आत उडत नाहीये. वायरिंग बघ."

लंबूने वायरिंग बघितलं. फ्यूज बघितले. मग स्वतःच्या मनाने इंजिनाच्या हवेच्या नळीत थोडं पेट्रोल उडवलं आणि सेल्फ मारला. इंजिन एकदम पकडलं, खोकलं आणि विझलं. हे तर शेंबड्या पोरालाही कळेल: हाताने पाजलं की पितंय, म्हणजे पोटात काही जात नाहीये. लंबूने मान वळवून काचेतून माझ्याकडे, म्हणजे माझ्या खणाकडे बघितलं.

"मेस्त्री, एकदा गेज लावून..."

"पंप मी ऐकलाय."

विषय संपला. दुसऱ्या कुठल्याही गॅरेजात संपला नसता. आमच्याकडे माणूस स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेईल, मेस्त्रींच्या कानावर घेणार नाही. लंबूने मान खाजवली आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. दुपारपर्यंत काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला होता. एक सेन्सर बदलला. रिले बदलला. वायरींवरची टेप सोडवून पुन्हा गुंडाळली. दर वेळी सेल्फ मारायचा, इंजिन फिरत राहायचं, आणि मग बॅटरी दमली की आवाज खाली खाली येत जायचा. बेकरीवाला स्टुलावर बसून होता. त्याचा भोंगासुद्धा बारीक झाला होता. आणि हे मधूनच थांबून व्हॅनकडे बघत राहायचे. एकदा माझ्या खोलीत पाणी प्यायला आले तेव्हा म्हणाले, "गाडी मला कधी फसवत नाही गं." मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुटपुटले असते.

दुपार उलटल्यावर बेकरीवाल्याला व्हॅनमध्ये राहिलेलं जॅकेट हवं झालं, म्हणून मी ते आणायला गेले. मागच्या सीटवर गुडघा टेकून जॅकेटाला हात घातला, तेवढ्यात पुढे बसलेल्या लंबूने डॅशबोर्डावरचे दिवे बघायला किल्ली फिरवली.

लग्नानंतर नवी नवी गॅरेजात यायला लागले तेव्हा यांनी मला अशाच एका सीटवर बसवलं होतं. "डोळे मीट. आता ऐक. आला? हा पंप." मला आला होता तो आवाज. केवढा आनंद झाला होता! यांना माझ्यापेक्षा जास्त झाला होता. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, हिला ऐकू येतं म्हणून.

आता माझ्या गुडघ्याखाली काही नव्हतं. दिवे लागले, कुठेतरी रिले टिचकला, आणि सीटखाली शांत.

"परत फिरव," मी म्हटलं.

त्याने परत फिरवली. तेच. मी वर बघितलं तर आरशातून लंबू माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे हाही इतके दिवस मूठ झाकत होता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा, ते मला अजून सांगता येत नाही.

"वहिनी..." तो म्हणाला.

"बेकरीवाल्यांना घेऊन जा. चहा पाजून आण. घाई नको."

ते दोघे गेले. हे कामाच्या टेबलाशी पाठमोरे उभे होते.

"अहो," मी म्हटलं. मग, "अहो!" मग जाऊन बाही ओढली. व्हॅनपाशी आणलं, सीट उचलली, टाकीवरचं झाकण उघडं केलं आणि त्यांचा हात धरून पंपाच्या टोपणावर ठेवला. चालणारा पंप बोटांना कळतो, थरथरतो. मी पुढे जाऊन किल्ली फिरवली.

ते तसेच उभे राहिले. "परत," म्हणाले. मी परत फिरवली. त्यांनी हात काढून घेतला आणि फडक्याला पुसला. पुसतच राहिले.

"सकाळी चालू होता."

"असेल," मी जोरात म्हटलं. "पंपाचं काय, कधीही जातो."

"मी ऐकला होता."

"हो."

मी त्यांना पळवाट दिली होती. घेतली असती तर मी जन्मभर तीच गोष्ट सांगितली असती: पंप दुपारी गेला, आमच्या डोळ्यांदेखत. मी खोलीकडे वळले, तसे ते माझ्या मागोमाग आले आणि त्यांनी हात पुढे केला. मी फळीवरून नवा पंप काढून दिला. तो घेऊन ते व्हॅनकडे गेले नाहीत, टेबलाकडे गेले. दोन वायरी घेतल्या आणि टेबलावरच्या बॅटरीला जोडल्या.

पंप चालू झाला. डब्यात कोंडलेल्या माशीसारखा आवाज. खोलीच्या दारात उभी राहून मला तो लख्ख ऐकू येत होता. यांच्या तळहाताला तो थरथरताना कळत असणार. त्यांनी पंप उजव्या कानाशी नेला. मग डाव्या. मग वायरी काढल्या, टोकं खरवडली, घट्ट पिळून पुन्हा जोडल्या. पंप आधीही चालत होता, आताही चालत होता. त्यांनी तो पुन्हा उजव्या कानाशी धरला, अगदी दाबून, आणि डोळे मिटले. लहान मूल शंख धरतं तसा.

मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घालायला हवी होती. मला जमलं नाही.

त्यांनी वायरी सोडवल्या आणि पंप घेऊन व्हॅनपाशी गेले. बसवताना त्यांचे हात नेहमीसारखेच चालत होते, एकही स्क्रू खाली पडला नाही. बेकरीवाला आणि लंबू परत आले तेव्हा ते सीट बसवत होते. "मार," हे म्हणाले. लंबूने सेल्फ मारला आणि गाडीने पहिल्याच फटक्यात पकडलं.

"अरे वा!" बेकरीवाल्याचा भोंगा पुन्हा उघडला. "काय होतं हो मेस्त्री?"

"टाकीतला पंप."

"टाकीतला! आता त्या टाकीत कोण बघायला जातंय? याला म्हणतात कान! मी सगळ्यांना सांगतो, यंत्रंबिंत्रं झूट आहेत, आमच्या मेस्त्रींचा कान पुरे!"

दिवसभरात यांना नीट ऐकू आलेलं असं हेच एक असेल. शब्द न् शब्द ऐकू आला. ते इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून उभे होते.

"लंबूने शोधला," ते म्हणाले.

"छे छे," लंबू घाईघाईने म्हणाला, "मेस्त्रींनीच." आणि तो आधीच गोळा केलेले पाने पुन्हा गोळा करायला खाली बसला.

बेकरीवाला खूश होऊन गेला. तो सांगणार. आधीच गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा आवाज, आता गावभर पोचेल, आणि उद्यापासून लोक कानवाल्या मेस्त्रींना विचारत आणखी येतील. मी वर्षभर एवढ्यासाठीच आटापिटा केला होता, आणि मला एखाद्या चोरासारखं वाटत होतं.

लंबू कपडे बदलून घरी गेला. जाताना नेहमी तो लांबूनच हाक मारतो. आज जवळ येऊन, समोर उभा राहून, हात हलवून गेला. शेडमधला एकच दिवा चालू ठेवून हे माझ्या खोलीत आले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. मी फळीवर रिकाम्या झालेल्या जागी दुसरं खोकं सरकवत होते. मी वळेपर्यंत ते थांबले. माझं तोंड समोर दिसायला लागलं तेव्हा बोलले.

"म्हणजे तू पुटपुटत नव्हतीस."

"नाही," मी म्हटलं.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग मी तेच मोठ्याने म्हटलं.