फुर्मानांचं गोत

जीवन राठोडचं डोकं त्या दिवसांत इतकं तापलेलं असायचं की त्याच्या बायकोनं, संगीतानं, त्याला चहा देणं बंद करून ताक सुरू केलं होतं. राजूरच्या खाणीवरून कोळसा उचलणाऱ्या दोन गाड्या, मुकुटबनच्या रस्त्याला कपाशी, बंजाऱ्यांच्या तांड्यातलं पहिलं स्लॅबचं घर, एवढा पसारा या माणसानं कधी आवाज न चढवता सांभाळला होता. आता मात्र तो अंगणातल्या बोकडावरही खेकसायचा. आणि कशामुळे, तर सातासमुद्रापलीकडच्या एका आडनावामुळे.

त्याची पोरगी प्रियंका जर्मनीत, हॅनोव्हरच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिथेच एक्स-रे काढणारा माथियास फुर्मान नावाचा मुलगा तिला आवडला. कागदावरचं लग्न ते तिकडे करणारच होते, पण खरं लग्न तांड्यात व्हावं असं तिचं म्हणणं होतं. जीवननं महिनाभर मनाची तयारी केली. लोक धर्मावरून बोलतील, रंगावरून बोलतील, पोरगी हाताबाहेर गेली म्हणतील. कोणाला काय उत्तर द्यायचं ते त्यानं गाडीच्या केबिनमध्ये बसून पाठ केलं होतं. तांड्याचा नायक बाबुलाल चव्हाण यानं ती सगळी मेहनत पाण्यात घातली. गोरा आहे तर असू दे, म्हणाला, मटण खातो ना? खातो म्हटल्यावर त्यानं समाधानानं मान हलवली आणि एकच गोष्ट विचारली. पोराचं गोत काय?

आता यात बाबुलालचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. राठोडाची पोर राठोडाला द्यायची नाही, हे तांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मग तो राठोड आदिलाबादचा असो की विजापूरचा, आयुष्यात एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसो, राठोड म्हणजे राठोडाचा भाऊ. आपले लोक बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून, लदेणी करत मुलूखभर हिंडले, जिथे थांबले तिथे पसरले, पण गोत सुटलं नाही. म्हणून सोयरीक आली की नायक दोन गोष्टी विचारतो. मुलाचं गोत कोणतं, आणि मुलाच्या मामाचं कोणतं. तेवढं जमलं की बाकीचं जमवून घेता येतं.

बाबुलालला जीवननं एक वेळ गुंडाळलं असतं. खरी अडचण घरातच बसलेली होती. ती म्हणजे त्याची आई, लालीबाई. तांड्यातली नवरी सासरी निघाली की म्हाताऱ्या बायका तिला गळ्याशी धरून ढावलो म्हणतात, रडत रडत, सूर लावून, आणि नवरीही त्यात आपलं रडणं मिसळते. लालीबाईचा ढावलो ऐकून दगडी काळजाचे बापही अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिलेले जीवननं पाहिले होते. प्रियंकानं फोनवर बापाकडे तेवढंच मागितलं होतं. मंडप नको, बँड नको, फक्त दादीचा ढावलो पाहिजे. आणि लालीबाईनं सांगून टाकलं होतं की गोत कळल्याशिवाय ती तोंड उघडणार नाही. पोर कोणाच्या घरी चालली तेच ठाऊक नसेल, तर रडायचं कोणाच्या दाराकडे पाहून?

तिचं हे म्हणणं जीवनला कळत होतं, म्हणून तर चीड जास्त येत होती. चार वर्षांपूर्वी प्रियंका पहिल्यांदा जर्मनीला निघाली, तेव्हा नागपूरच्या विमानतळावर लालीबाईनं तिला गळ्याशी धरून सूर लावला होता. दारावरच्या शिपायानं, आजी बाजूला व्हा, मागे लाइन आहे, म्हणून तिला हातानं सरकवलं. त्यानंतर म्हातारी नागपूरचं नाव काढत नव्हती.

शेवटी एका रविवारी फोनवरच बैठक बसली. नायक पटका बांधून सोफ्यावर, त्याची बायको जमनी खाली सतरंजीवर, लालीबाई दाराच्या आडोशाला, आणि टीव्हीपुढे टेकवलेल्या मोबाइलमध्ये प्रियंका आणि तो उंचच उंच माथियास. बाबुलालनं पहिला प्रश्न टाकला. प्रियंकानं आडनाव सांगितलं, अर्थही सांगितला. फुर्मान म्हणजे गाडीवान, भाड्यानं लोकांचा माल या गावचा त्या गावी पोचवणारा. कोणे एके काळी याच्या खापरपणज्याचा कोणी खापरपणजा तेच करायचा, आणि लिहिणाऱ्यानं तेच नाव लावून दिलं.

बाबुलालचा चेहरा फुलला. "म्हंजे लदेणीवालेच म्हना ना. आपल्यासारखेच."

तांड्यानं दुसऱ्या दिवशीपासून त्या आडनावाचं फरमान करून टाकलं ते वेगळं, पण त्या घटकेला सगळे खूष होते. संगीतानं चहा टाकला. जीवनला वाटलं, सुटलो.

मग बाबुलालनं मामाचं गोत विचारलं. माथियास हसायला लागला. त्याच्या घरी ही मोठी गंमत समजली जायची. त्याची आई लग्नाआधीही फुर्मानच होती, म्हणून तिला लग्नानंतर एक अक्षरही बदलावं लागलं नव्हतं. प्रियंकानं हे भाषांतर केलं मात्र, आणि आपण काय बोलून बसलो ते तिचं तिलाच कळलं. बाबुलालनं चष्मा काढून खिशात ठेवला. लालीबाई आत निघून गेली. चहा झाला, पण कोणी घेतला नाही.

"भावाबहिनीचं लगन," एवढंच बोलून बाबुलाल उठला.

तिथून जीवनचं ताक सुरू झालं. तो रोज बाबुलालच्या ओट्यावर जायचा आणि रोज डोकं धरून परत यायचा. तिकडे आडनावाला गोत नसतं, तो सांगायचा. गावोगाव गाडीवान होते, प्रत्येक गावात वेगळा फुर्मान झाला, याचा बाप उत्तरेचा, आई दक्षिणेकडची, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. बाबुलाल शांतपणे तंबाखू मळत ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, बरोबर आहे, पण आडनाव तर एकच ना?

मग माथियासनंच नकाशा पाठवला. आज जर्मनीत फुर्मान कुठे कुठे राहतात ते त्यात रंगवलं होतं. उत्तरेत ठिपके, दक्षिणेत ठिपके, नद्यांच्या काठानं, जुन्या रस्त्यांच्या कडेनं, सगळा देश शिंतोडे उडाल्यासारखा. जीवनला वाटलं, आता तर आंधळ्यालाही दिसेल की एवढ्या ठिकाणचे लोक एका घरचे असूच शकत नाहीत. त्यानं मोबाइल बाबुलालच्या नाकाशी धरला.

बाबुलालनं बराच वेळ नकाशा बोटानं मागेपुढे केला. "पाय जीवन," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "यवतमाळ पाय, नांदेड पाय, तिकडं तेलंगनात पाय. राठोड कसे हायेत? असेच शिंपडल्यावानी. माल वाहनारा मानूस एका जागी ऱ्हायतेच कुठं? जिथं बैल बसला तिथं भाऊ ठेवून जाते. तुह्या नकाशानं तं पक्कंच केलं."

जीवननं मोबाइल खिशात घातला आणि घरी येऊन संगीताला सांगितलं की मी शहाण्या माणसाशी बोलून हरत असतो तर चाललं असतं. संगीता म्हणाली, शहाणाच आहे तो, म्हणून तर हरता. जीवननं तिच्याशीही दोन दिवस अबोला धरला. तिकीट निघालेलं होतं. प्रियंका आणि माथियास येऊन ठेपले होते, आणि लालीबाई पोरीच्या तोंडावरून हात फिरवायची, माथियासला भाकरी वाढायची, पण ढावलोचा विषय निघाला की उठून जायची. रात्री प्रियंका उशीत रडते, हे संगीतानं त्याला सांगितलं तेव्हा जीवनच्या रागाचं सगळं अवसान गळालं. नुसतं वाईट वाटायला लागलं. एवढा आटापिटा करून आपण पोरीला एक रडणंसुद्धा देऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बाबुलालच्या ओट्यावर बसलेला असताना त्याचा ड्रायव्हर पंजाबराव गाडीची किल्ली न्यायला आला. पंजाबराव राजूरचा, जातीनं कुणबी, गेली कित्येक वर्षं जीवनची गाडी चालवणारा. बाबुलालनं त्याला बसवून घेतलं.

"काय ड्रायव्हर, पोरगी सुखात हाये ना सासरी?"

"एकदम मस्त नायक. थे घर बी ड्रायव्हराचंच. पोरीचा सासरा, माहा इवाई, घुग्घुसले कोयशावर हाये. दोन ड्रायव्हर एका ठिकानी आले का गिअरच्याच गोष्टी."

पंजाबराव किल्ली घेऊन गेला. जीवन जागचा हलला नाही. मग इतक्या दिवसांचं साचलेलं एकदम बाहेर आलं.

"नायक, आता काहून नाई म्हटलं भावाबहिनीचं लगन?" त्याचा आवाज पहिल्यांदाच तांड्याच्या टोकापर्यंत गेला. "ड्रायव्हराची पोरगी ड्रायव्हराच्या घरी गेली. तुमी हसून इचारता, सुखात हाये का? राजुरात कोनी त्याचं आडनाव घेते का? पंजाबराव ड्रायव्हर. त्याचा इवाई बी ड्रायव्हर. उद्या साहेबानं दोघाच्याही आधारकार्डावर ड्रायव्हर लिहून देल्लं, तं दोघं एका मायचे झाले का? थेच झालं तिकडं. थेच सांगून राह्यलो मी महिनाभर, माह्या तोंडाले फेस आला."

बाबुलालनं तंबाखू तोंडात टाकायची थांबवली. त्यानं रस्त्यानं जाणाऱ्या पंजाबरावाकडे पाहिलं, मग जीवनकडे.

"मंग असं सांगायचं ना पयलेच," तो म्हणाला. "नकाशे कायले दाखोत बसला?"

जीवननं कपाळावर हात मारून घेतला. पण सुटका इतक्यात नव्हती. बाबुलाल आता खरंच विचारात पडला होता. ते गोत नव्हतंच, धंद्याचं नाव होतं, हे त्याला पटलं. पोराच्या आईबापाचं लग्न भाऊबहिणीचं नव्हतं, पोरगा चांगल्या घरचा, हेही पटलं. म्हणजे मग पोराला गोतच नाही. आणि बिनगोताच्या पोराशी लग्न लावायचं कसं? लग्नात त्याच्या बाजूनं कोण उभं राहणार, नवरी कोणाच्या उंबऱ्यावर नेणार?

जीवन उठला. मी माझी पोर कोर्टात उभी करतो आणि मोकळा होतो, असं बोलून तो पायऱ्या उतरत होता, तेव्हा आतून जमनी बाहेर आली. जमनी आणि बाबुलालला मूलबाळ नव्हतं. या विषयावर दोघंही कधी बोलत नसत आणि तांड्यातही कोणी काढत नसे. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"चव्हानाचं चालते ना राठोडाले?" तिनं नवऱ्याला विचारलं. "मी घेतो त्याले ओटीत."

बाबुलाल तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं पटका नीट केला.

माथियासला हे समजावून सांगायला प्रियंकाला फार वेळ लागला नाही. कागदावर तो फुर्मानच राहणार होता, फक्त तांड्यापुरती त्याला आणखी एक आई मिळणार होती. त्यानं आपल्या आईला फोन लावून विचारलं. तिनं एवढंच विचारलं की त्या बाई प्रेमळ आहेत का? गुरुवारी सकाळी तो साडेसहा फुटी गडी पाय दुमडून, जमिनीवर वाकून, त्या मूठभर बाईच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. बाया हसून हसून लोटपोट झाल्या. जमनी हसली नाही. तिनं त्याच्या तोंडात गूळ घातला आणि त्याच्या पिवळ्या केसांवरून पदर फिरवत राहिली.

आणि बाबुलाल त्याच क्षणापासून वरपिता झाला. मानपानात कमी पडू नका, असं त्यानं जीवनला सगळ्यांदेखत बजावलं. चहा पाठवला तर साखर कमी म्हणून परत धाडला. महिनाभर ज्यानं लग्न अडवलं, त्याच माणसाला आता जन्मभर आपल्या पोरीच्या सासऱ्याचा मान द्यायचा, वाकून रामराम करायचा, हे आठवून जीवन करकरा दात खायचा. संगीता म्हणाली, ताक देऊ का?

लग्न लागलं. ऊन कलल्यावर नवरी निघायची वेळ झाली. निघायची म्हणजे कुठे, तर चार घरं पलीकडे, बाबुलालच्या दारात. लालीबाई पुढे आली. तिनं प्रियंकाला गळ्याशी धरलं, डोळे मिटले आणि सूर लावला. तो सूर असा निघाला की पत्रावळ्या उचलणारी माणसं होती तिथे थांबली. लहान असताना आंब्याखाली खेळलीस ते, शाळेच्या गाडीमागे धावलीस ते, सगळं त्यात आलं. प्रियंका तिच्या खांद्यावर कोसळून रडत होती. बाया रडत होत्या. माथियास काही कळत नसताना रडत होता. एक चढ ओसरला की म्हातारी दुसरा घ्यायची, आणि मिठी काही सुटेना.

जीवनला राहवलं नाही. इतक्या दिवसांचा वैताग जिभेवर होताच.

"याडी," तो आईजवळ जाऊन म्हणाला, "चार घरं पलीकडं चालली पोरगी. थे पाय, इथूनच दार दिसते. इतकं रडून राह्यली कायले?"

लालीबाईनं डोळे उघडले. नातीला न सोडता तिनं पोराकडे पाहिलं.

"चार घरं हायेत म्हनूनच रडून घेऊन राह्यली बापा," ती म्हणाली. "सोमवारी इमानतळावर मले कोन रडू देइन?"

तिनं पुन्हा डोळे मिटले आणि सूर लावला. जीवननं पोरीची पेटी उचलली, आणि बाबुलालच्या दाराकडे सगळ्यांच्या पुढे चालायला लागला. पाठमोरा असल्यामुळे त्याचं तोंड कोणाला दिसत नव्हतं. तो अगदी हळू चालला, आणि त्या चार घरांच्या वाटेत जेवढं रडून घेता येईल तेवढं त्यानं घेतलं.