मधली काळी तार
बोटाच्या पेराएवढी, पितळेची, वर उभी... हार्पच्या मधल्या काळ्या तारेच्या माथ्यावरची ती लिव्हर बाजूच्या सतरंजीवरूनही अपेक्षाला स्वच्छ दिसत होती. लिव्हर वर केली की तार अर्धा स्वर चढते. आपलं वाजवून झालं की सगळ्या लिव्हर खाली करूनच उठायचं, हा शिकवणाऱ्या शुभांगीबाईंचा नियम. लवासाच्या वाटेवरच्या त्या बंगल्यात हार्प एकच आणि शिकणाऱ्या दोघी, त्यामुळे तीन वर्षांत तो अंगवळणी पडलेला. आज आपली पाळी संपवून उठताना अपेक्षाने सगळ्या खाली केल्या होत्या, एक सोडून. विसरले मी. विसरलेच का?

गोव्याच्या संगीतशाळेत जागा एकच होती, आणि बाई आज एकीचंच नाव कळवणार होत्या. कसोटी साइट-रीडिंगची — कधी न पाहिलेला कागद, बघायला अर्धं मिनिट, मग न थांबता वाजवायचं. सकाळी घोटावड्याच्या कारखान्यात पाळीला निघालेले पप्पा दारातच म्हणाले होते, “एकीलाच घेणार हायेत ना? मग तू का न्हाई?”

वैष्णवी हार्पशी बसली. नेरे गावची ही पोरगी नवा कागद दिसला की घामाघूम व्हायची. महिनाभर अपेक्षाच तिची तयारी करून घेत होती. “लिव्हर बघण्यात येळ घालवू नगंस. त्या खालीच असत्यात. तू कागद बघ.” तेव्हा ते खरंच तिच्या भल्यासाठी सांगितलं... की तेव्हापासूनच पोटात काही शिजत होतं? आठवायला गेलं की स्वतःचा आवाज तेवढा ऐकू येतो, नको इतका गोड.

अर्धं मिनिट सुरू झालं. वैष्णवीचे ओठ मात्रा मोजत कागदावरून चालले होते. सांग ना, अजून वेळ आहे, नुसती खोकलीस तरी ती वर बघेल... अपेक्षाने ओढणीचं टोक दुमडलं, उलगडलं, पुन्हा दुमडलं.

चौथ्याच मात्रेला तार चुकीची बोलली. मग प्रत्येक ओळीत. वैष्णवी थांबली नाही. आपल्याच बोटांकडे रागाने बघत वाजवत राहिली. आणि अपेक्षाला बरं वाटलं. लाज नंतर आली असेल. आधी बरंच वाटलं, तहानेला पाणी मिळावं तसं.

बाई खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. “लिव्हर बघितल्या नाहीस. अर्धं मिनिट कशासाठी देतात?”

वैष्णवीने मान वर केली. त्या लिव्हरकडे पाहिलं, मग अपेक्षाकडे — बराच वेळ. आता ही सांगणार. अपेक्षाची उत्तरं तयार होती: मी असं कधी म्हटलं? तुझं खापर माझ्यावर कशाला फोडतेस?

“व्हय बाई,” वैष्णवी म्हणाली. “माझंच चुकलं.”

तिने लिव्हर हलकेच खाली केली आणि उठून अपेक्षाच्या शेजारी, रोजच्यासारखी गुडघ्याला गुडघा लावून बसली. सांगितलं असतंस तर तुला खोटं तरी पाडता आलं असतं गं... इतका राग अपेक्षाला कधीच कुणाचा आला नव्हता. तिकडे बाई वहीत नाव लिहीत होत्या. ते आपलंच निघावं, असं तिला अजूनही वाटत होतं.