बिनसिमेंटची भिंत

गेल्या वर्षी आमच्या इटालियन घराण्याचा वर्षभराचा टोमॅटोचा रस इनेसच्या गॅरेजमध्ये शिजला. मी लग्न होऊन पिट्सबर्गच्या या चढावर आले तेव्हापासून तो माझ्या मागच्या अंगणात शिजायचा. ऑगस्टअखेरचा शनिवार, लांबच लांब टेबल, पातेल्यांखाली जाळ, उन्हात वाळणाऱ्या बरण्या आणि हुकूम माझा. पण दोनातोनं, माझ्या नवऱ्यानं, माती अडवायला रचलेले रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कुजले. तो गेल्यावर दुसऱ्याच वसंतात टेबल मांडायची सपाट जागा घसरत खाली गेली आणि शेजाऱ्याच्या कुंपणाला टेकून बसली.

इनेस माझी धाकटी जाऊ. तिनं लगेच दार उघडं केलं. "आमचं गॅरेज आहे ना, जाऊबाई. पाय घसरायची भीती नाही."

रसाला पेट्रोलचा वास आला. मी सोडून कुणालाच आला नाही, ते असो.

एकदा घडलं तर तो अपवाद, दोनदा घडलं की रीत होते. यंदा टोमॅटो पुन्हा गॅरेजात गेले असते तर ते कायमचे गेले असते. म्हणून जुलैतच मी जाहीर केलं, "भिंत होणार आणि रस इथे शिजणार."

सून म्हणाली, "आई, मी घालते. माझ्या बाबांनी तळ्याकाठी घातली होती तेव्हा मी हाताखाली होते."

ही सिग्रिड. मिनेसोटाची स्वीडिश पोर. पास्त्याची लापशी करते, पण आळस अंगात नाही. तिनं ठोकळे मागवले. दर्शनी बाजूला खडबडीत, मागे खालच्या अंगाला ओठासारखी कड. वरचा ठोकळा त्या ओठानं खालच्याच्या पाठीला अडकतो.

दीर, म्हणजे इनेसचा नवरा, आला तो खांद्यावर सिमेंटची गोणी घेऊनच. अर्मांदोनं जन्मभर गवंडीकाम केलं. या गल्लीतल्या पायऱ्या, द्राक्षवेलींचे खांब, मेरीमातेची घुमटी, सगळं त्याच्या हातचं.

"काका, याला सिमेंट लागत नाही," सिग्रिड म्हणाली.

"लागत नाही? मग ती भिंत नव्हे पोरी, उतरंड आहे उतरंड!"

"पाण्याला वाट हवी. अडलं की ते भिंत ढकलतं."

"माझ्या भिंतीतून आजवर थेंब गेलेला नाही."

"म्हणूनच तर म्हणते."

मी तोंडावर पदर धरावा तसा एप्रन धरला. अर्मांदोला असं बोलणारं माणूस मी सोडून दुसरं नव्हतं.

तिनं चर खणला, खडी पसरली, धुम्मस घालून ठोकली. पहिला थर अर्धा जमिनीत. एकेक ठोकळ्यावर लेव्हलची पट्टी ठेवायची, रबरी हातोडा मारायचा, पुन्हा पट्टी. दुपार टळली.

"अगं, भिंत घालतेस की बाळ झोपवतेस?"

"पहिला थर सरळ बसू दे आई, वरचे मग ऐकतात."

आणि खरंच, वरचे थर भराभर चढले. अर्मांदोनं ओळंबा सोडला आणि त्याचा चेहरा पडला. "वहिनी, ही मागे कलतेय!"

"कलायलाच हवी, काका. मातीला रेलून उभी राहते ती."

"तू दुपारी कोचावर रेलतोस तशी," मी म्हटलं. "पडलास का कधी?"

भिंतीमागे सच्छिद्र नळी टाकून झाली, खडी भरायची राहिली. रविवारी मुलगा-सून एका बारशाला गेले, मी चर्चच्या सणासाठी गोड पुऱ्या तळायला. अर्मांदो म्हणाला, "खडी मी भरतो, जा तुम्ही."

परत आले तर भिंतीच्या सगळ्या सांध्यांत सिमेंट. आम्हा नेपल्सकडच्या लोकांत उरलेला माल टाकत नाहीत, म्हणून मागच्या पोकळीतही काँक्रीट ओतलेलं. वर खिळ्यानं कोरलं होतं: दोनातोसाठी.

सिग्रिडनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि लेव्हलची पट्टी आत नेऊन ठेवली. सोमवारी सकाळी आभाळ बोललं. गडगडून पाऊस आला, नळी बुजलेली, पाण्याला वाट नाही. वरच्या जागेचं डबकं झालं, चिखल भिंतीवरून खाली ओघळला आणि मधोमध भिंतीनं पोट काढलं, सातव्या महिन्यातल्या बाईसारखं.

इनेस छत्री घेऊन हजर. "गॅरेज झाडून ठेवू ना, जाऊबाई?"

अर्मांदो पावसात तसाच उभा होता. "वहिनी, मला वाटलं, भावासाठी पक्कं काहीतरी..."

"हातोडा आण."

"त्याचं नाव आहे त्यावर."

"त्याचं नाव कबरीवर आहे, तिथे पुरे. इथे त्याला टेबल लागायचं. टोमॅटो कापताना नाव कोण वाचत बसणार आहे?"

तो हसला की रडला, पावसात कळलं नाही. काँक्रीट अजून कच्चं होतं. फोडलं त्यानं स्वतःच, कुणाला हात लावू दिला नाही. मग आम्ही ठोकळे खरवडले. मी खुर्ची टाकून खरवडत होते आणि प्रत्येक ठोकळ्यागणिक त्याला एक टोमणा देत होते. त्यानं त्याला तरतरी येते.

सिग्रिडनं लेव्हलची पट्टी त्याच्या हातात दिली. "काका, पहिला थर तुम्ही तपासा."

तो चिखलात गुडघे टेकून सरकत गेला. कोपऱ्यापाशी थांबला. "हा बसका आहे. केसभर."

सिग्रिडनं वाकून पाहिलं. "अरेच्चा! माझ्या नजरेतून सुटला."

बस्स. त्यानंतर थर पुन्हा चढले, मागे नवी नळी पडली आणि तो शीळ घालत खडी भरू लागला. शेवटी माथ्यावरच्या सपाट फरशा बांधकामाच्या गोंदानं चिकटवायच्या असतात हे कळलं तेव्हा तर ओरडलाच, "कशाला तरी काहीतरी लावायचं आहे म्हणजे!" त्या त्यानं एकट्यानं बसवल्या.

मी बागेचा पाइप आणून वर सोडला. सगळे खाली गवतात वाकून नळीच्या तोंडाशी. काही नाही. इनेस कुंपणापलीकडून बघत होती. अजून काही नाही. मग एक थेंब, मग धागा, मग स्वच्छ धार. अर्मांदोनं हात धुऊन तोंडावर पाणी मारलं. "निघालं गं, निघालं!"

माझा मुलगा लिव्हिओ बायकोला उचलून नाचला. मी म्हटलं, "खाली ठेव तिला, माझ्या मिरच्या तुडवतोयस."

शनिवारी टोमॅटो आले. टेबल मांडलं, जरासुद्धा डुगडुगलं नाही. पातेली रटरटली, बेसिलचा वास गल्लीच्या टोकाला गेला, आणि खुर्च्या कमी पडल्यावर माणसं भिंतीच्या माथ्यावर ओळीनं बसून सालं काढू लागली. पहिल्या पातेल्यात कलथा फिरवायचा मान मी सिग्रिडला दिला. तिनं बरा फिरवला.

इनेस भिंत टोकापासून टोकापर्यंत बघून आली. खोड सापडेना. मग उन्हानं तापलेल्या फरशीवर बसली.

"कमरेला बरं वाटतंय," ती पुटपुटली. थोड्या वेळानं म्हणाली, "जाऊबाई, पुढच्या वर्षी किती वाजता येऊ?"

"उजाडायच्या आत," मी म्हटलं. "आणि आपली सुरी घेऊन ये."