बुचाची पट्टी

रत्नप्रभाने कोपऱ्यातून केरसुणी ओढली, तर केराबरोबर तपकिरी भुगा आला. तिने तो चिमटीत घेऊन चुरडला. बूच. आणि वास खोबरेल तेलाचा.

रात्रभर त्याच कोपऱ्यात लाँचच्या इंजिनाचं झाकण उभं होतं. लाँच चालवणारा तिचा नवरा काशीराम ते रोज डोक्यावर घेऊन घरी आणायचा. धक्क्यावर ठेवलं तर सकाळी जागेवर असेल याचा भरवसा नव्हता. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली ती लाँच मार्वे-मनोरीच्या खाडीत माणसं वाहायची. झाकणाच्या खालच्या कडेला बुचाची पट्टी होती. ती घट्ट बसली की लाटेचं पाणी इंजिनात शिरत नसे. खाऱ्या वाऱ्याने बूच वाळतं, चिरतं, म्हणून त्याला अधूनमधून मशीनचं तेल चोळायचं, आणि हे काम रत्नप्रभाचं. काल तेलाचा डबा रिकामा निघाला. पण मालवणच्या बाईला तेलाची कसली अडचण? बिजागरी करकरू दे, डोकं दुखू दे, घरात सगळ्याला एकच बाटली. तिने सढळ हाताने खोबरेल चोळलं आणि स्वतःवर खूश होऊन झोपली. उंदरांची मेजवानी झाली.

आता झाकण घेऊन काशीराम कधीच गेला होता. त्याने पट्टी पाहिली असेल का? बायकोने तेल लावलंय म्हटल्यावर कशाला पाहील!

केरसुणी तिथेच टाकून ती पळत सुटली. बाहेर वारा उठला होता, माडांच्या झावळ्या वेड्यावाकड्या हलत होत्या.

"काय गं, झालं काय?" शेजारच्या प्रेमाने विचारलं. रत्नप्रभा तोवर धक्क्याच्या वाटेला लागली होती.

ती धक्क्यावर पोचली तेव्हा लाँच मनोरीहून परत येत होती. खाडीच्या मधोमध, माणसांनी भरलेली. ओहोटी लागली होती. ओहोटीचं पाणी सगळं समुद्राकडे ओढून नेतं, हे तिला नवऱ्यानेच सांगितलेलं. लाटा बाजूने आदळत होत्या. इंजिनाची टकटक ऐकू येत होती तोवर तिला थोडा धीर होता. मग टकटक थांबली.

लाँचचं तोंड हळूहळू समुद्राकडे वळलं. आतून कुणीतरी ओरडलं, एक पोर रडायला लागलं. इंजिनावर वाकलेली काशीरामची पाठ तेवढी तिला दिसत होती. एवढी माणसं, आणि तो, सगळे माझ्यामुळे. एरवी उठता बसता घ्यायचं ते देवाचं नावही तिला आठवेना.

इंजिन खोकलं. पुन्हा गप्प झालं. मग चालू झालं ते चालूच राहिलं.

लाँच धक्क्याला टेकली. माणसं उतरली आणि कोण किती घाबरलं यावरून एकमेकांना चिडवत निघूनही गेली. काशीराम इंजिन पुसत होता.

"अहो," ती म्हणाली, "काल मियां पट्टीक खोबरेल लायलंय. मशीनचा तेल संपला होता. उंदरांनी खाल्ली ती..."

"म्हायत आसा माका."

"कदी कळला?"

"सकाळीच." त्याने झाकण उलटं करून दाखवलं. वीतभर पट्टी गायब होती आणि तिथे त्याचा बनियन कोंबलेला होता, ओलाचिंब.

"तरी गेलात?"

"माणसा उबी होती गो." तो ओशाळून हसला. "ह्या काय पयल्यांदा झाला नाय. एकदा ह्या बिघाडता, एकदा त्या. तुका खंय सांगत बसू?"

तो लाँचवर गेला की इतके दिवस ती निवांत भाकऱ्या थापायची, शेजारणीशी गप्पा मारायची. आता ते जमणार नव्हतं.

धक्क्यावर पुन्हा माणसं जमली होती. काशीरामने बनियन पिळला, फटीत कोंबला, झाकण बसवलं. मालवणहून बोटीने मुंबईला आल्यापासून रत्नप्रभाने पाण्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. तिने लुगडं वर खोचलं, लाँचमध्ये उतरली आणि सगळा भार टाकून त्या झाकणावर बसली.

"गो, ती बसूची जागा नाय!"

"तुमी चालू करा," ती म्हणाली.