उशिरा पोचणारा सूर

रिस्टो वेल्कोव्हच्या हातात काहीतरी बिघडलंय, हे सगळ्यांच्या आधी ग्लेनिसला कळलं.

रविवारची दुपार होती. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्ब्लाच्या क्लबात नेहमीची मंडळी जमली होती आणि बँड नेहमीचंच एक संथ गाणं वाजवत होता. त्या गाण्याच्या मध्यावर रिस्टो गिटारवर एक सूर खालून वर ओढत न्यायचा. अनामिकेने तार दाबायची आणि ती आडवी ढकलत सूर चढवायचा, सतारीवर मींड घेतात तसा. बाकीचे वादक त्यासाठी मागे आणखी दोन बोटांचा टेकू देतात. रिस्टोला टेकू कधी लागलाच नाही. त्या दिवशी मात्र त्याने तार ढकलली नाही. मधलं बोट तारेवरून घसरवत नेलं आणि सूर गाठला. सूर चोख होता, वेळही चुकली नव्हती. पण शेजारी उभं राहून दुसऱ्या गिटारवर ठेका धरणारी ग्लेनिस गाणं संपेपर्यंत त्याच्या बोटांकडेच बघत राहिली.

ग्लेनिस हॅरप संगीताच्या दुकानामागच्या खोलीत गिटार शिकवायची. रिस्टोच्या बँडमध्ये ती आली तेव्हा रिस्टो पोलादाच्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि वाजवायला यायचा तो नखांत काजळी घेऊनच. तेव्हापासून ती त्याच्या डाव्या हाताला उभी. त्याच्याइतकं आपल्याला कधी वाजवता येणार नाही हे तिला पहिल्याच महिन्यात उमगलं होतं. त्याचं तिने वाईट वाटून घेतलं नाही. ती बघत राहिली. घरी येऊन त्याची एकेक जागा तुकडे करून तपासायची. कुठे नखीने छेडतो, कुठे बोटाने, उजव्या हाताची करंगळी आवाजाच्या बटणावर ठेवून सूर कसा फुगवतो, जणू तार छेडलीच नाही, आपोआप बोलली. त्याच्या हाताची ग्लेनिसइतकी ओळख मला पण नाही, असं रिस्टोची बायको व्हेस्ना हसून म्हणायची.

मध्यंतरात ग्लेनिस पुढच्या टेबलाशी गेली. तिथे नोलन आणि ट्रेव्हर बसायचे. दोघेही कारखान्यातून निवृत्त झालेले, दोघांनाही थोडंफार गिटार येत होतं, आणि बिअर हातात घेऊन रिस्टोच्या बोटांवर वाद घालणं हा त्यांचा रविवारचा धर्म होता. आजचा वाद त्या घसरवलेल्या सुराचाच होता.

"बघितलंस का, ओढला नाही, घसरवला," नोलन म्हणाला. "या वयात माणूस नवीन काढतोय."

"नवीन कसलं? आधी चारदा मी ऐकलंय हे."

"तू ऐकतोस कुठे, तू पितोस. ग्लेनिस, तूच सांग याला. नवीन आहे की नाही?"

"नवीन आहे," ग्लेनिस म्हणाली. एरवी तिने तिथे बसून दोघांना कागदावर तारा काढून दाखवल्या असत्या. आज ग्लास घेतला आणि बाहेर गेली.

सामान गाडीत भरताना रिस्टो तिच्या जवळ आला. त्याने गिटारचा अँप्लिफायर डिकीत ठेवला, झाकण लावलं, आणि तिच्याकडे न बघताच विचारलं, "तुला कधीपासून कळलंय?"

"आजच."

"मला ईस्टरपासून." त्याने डावा हात पुढे केला, बोटं उघडली, मिटली. धडधाकट हात होता. "कप धरता येतो, गाडी चालवता येते, टोमॅटो चिरता येतात. गिटारवर ठेवला की ही दोन बोटं आत वळतात. मी वळवत नाही गं, ती आपली आपण वळतात."

सिडनीच्या डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव सांगितलं. अर्थ एवढाच होता, की हाताला काही झालेलं नाही. मेंदूत बोटांचा जो नकाशा असतो त्याच्या रेषा एकमेकींत मिसळल्या आहेत. जन्मभर तेच तेच बारीक काम करणाऱ्या हातांना होतं असं. औषध नव्हतं. सुया टोचून बोटं सैल करता येत, पण मग त्यांत जोरच राहत नसे. एकच वाट होती, तीही खात्रीची नव्हती. सगळं विसरून लहान मुलासारखं पहिल्यापासून शिकायचं. एकेक बोट, हळूहळू, आपण काय करतोय ते जाणून.

इथेच घोडं अडलं. आपण काय करतो ते रिस्टोला कधीच माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांनी मॅसेडोनियाहून येताना तंबुरा आणला होता, आपल्याकडचा नव्हे, गिटारसारखा बोटांनी तारा दाबून वाजवायचा. त्यावर हात बसला, तोच पुढे गिटारवर आला. कोणी विचारलं तर तो खांदे उडवायचा.

म्हणून तो ग्लेनिसच्या खोलीत आला आणि तिच्या शिष्यांच्या खुर्चीत बसला. "चला मास्तरीणबाई," म्हणाला, "मला माझं शिकवा."

तो हिवाळा त्यांनी त्यात घालवला. दुकान बंद असायचं त्या दिवशी सकाळी तो यायचा, हीटर लावायचा, आणि ग्लेनिस इतक्या वर्षांचं पाहिलेलं त्याच्यापुढे मांडायची. अंगठा गिटारच्या मानेमागे नाही, वर असतो तुझा. कंप तू बोटातून काढत नाहीस, मनगटातून काढतोस, दार उघडताना मूठ फिरवावी तसा. सूर चढवताना श्वास धरतोस. रिस्टो थक्क होऊन ऐकायचा. मी असं करतो होय, म्हणायचा, आणि स्वतःच्याच हाताकडे परक्या माणसाकडे बघावं तसा बघायचा. ग्लेनिसला त्या दिवसांत, खोटं कशाला, सुखच वाटत होतं. एवढं जमवलेलं कधी कुणाच्या कामी येईल असं तिला वाटलं नव्हतं. दोन-तीनदा अनामिका खरंच सरळ राहिली. व्हेस्नाने फोन करून रडत आभार मानले.

मग एके दिवशी तिने त्याला त्या ओढलेल्या सुराबद्दल सांगितलं.

"तू पोचतोस, पण किंचित उशिरा. ठेका पुढे गेलेला असतो. ऐकणाऱ्याला वाटतं आता नाही पोचत, आणि तेवढ्यात तू तिथे असतोस. सगळी गंमत त्या उशिरात आहे."

"मी उशिरा पोचतो?"

"कायम."

त्याने वाजवून बघितलं. उशीर केला. पुन्हा केला. मान हलवली. तो उशिराची वाट बघत होता, हे ग्लेनिसला दिसत होतं. आजवर त्याने कशाचीच वाट बघितली नव्हती. पुढच्या खेपेला मधलं बोटही आत वळायला लागलं. त्यानंतर अंगठ्याबद्दल सांगितलेलं आठवलं की अंगठा ताठायचा, श्वासाबद्दलचं आठवलं की तो धापा टाकल्यासारखा श्वास घ्यायचा. जिथे जिथे तिने दिवा लावला होता तिथलं एकेक मरत गेलं. डॉक्टर म्हणाले, कधीकधी पसरतं, शिकवण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. नसेलच, असंही ते म्हणाले नाहीत.

वसंतात रिस्टोनेच तोडगा काढला. तो ठेका धरेल, उरल्यासुरल्या बोटांनी जमतील तेवढे साधे स्वर, आणि त्याच्या जागा ग्लेनिस वाजवेल. ती नको म्हणाली. तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहेत, तो म्हणाला, तेव्हा तिने गिटार जुळवायला घेतली.

रविवारी ते जागा बदलून उभे राहिले. ग्लेनिसने एकही सूर चुकवला नाही. संथ गाण्यात तिने अनामिकेने तार दाबली, टेकू न देता ढकलली. इतक्या वर्षांत तिला ते पहिल्यांदा जमलं. जिथे उशिरा पोचायचं तिथे उशिरा पोचली. आणि तो सूर उशिरा आला, बस. वेळ चुकलेल्या माणसासारखा येऊन उभा राहिला. पुढच्या टेबलावर नोलनने ट्रेव्हरशी वाद घातला नाही. दोघांनी टाळ्या मात्र वाजवल्या, जरा जास्तच वेळ. रिस्टो तारांवर हात ठेवून खाली बघत होता.

नाताळाच्या आधीच बँड मोडला. ड्रमवाला दुसरीकडे गेला, क्लबाने रविवारी कॅराओके लावलं, हौशी लोक पडद्यावरचे शब्द बघून गाऊ लागले. रिस्टो फोन उचलेनासा झाला.

उन्हाळा सरताना व्हेस्नाने ग्लेनिसला बोलावून घेतलं. वर्षाच्या चटणीसाठी ढोबळ्या मिरच्या भाजायचा दिवस होता. परसात पत्र्याखाली जाळ केला होता, लाल मिरच्यांचा ढीग लागला होता, आणि रिस्टो बाकावर बसून भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होता. ग्लेनिस शेजारी बसली आणि सोलायला लागली. त्याची पाचही बोटं चालत होती. अनामिका सालाखाली शिरायची, करंगळी देठ उडवायची, एक बी आत राहत नव्हती. तिने बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी ती बघत होती.

"बघू नकोस," रिस्टो म्हणाला.

"नाही बघत."

"बघतेस. सवय आहे तुझी." तो हातातली मिरची संपेपर्यंत थांबला. "तू सांगितलंस त्यात खोटं काहीच नव्हतं ग्लेनिस. राग नाही माझा तुझ्यावर. पण तू समोर असलीस की मला माझा हात दिसतो. सकाळी उठून गिटारला नुसता हात लावला तरी तुझा आवाज येतो. अंगठा वर, श्वास सोड. मला आता तो आवाज नको."

"मी काय करू?"

"येऊ नकोस."

व्हेस्नाने जाळावरून दोघांकडे बघितलं; तिला ऐकू गेलं होतं. ती पुन्हा मिरच्या उलटायला लागली. ग्लेनिसने समोरच्या मिरच्या सोलून संपवल्या, नळावर हात धुतले. निघताना व्हेस्ना फाटकापर्यंत आली आणि तिचा हात धरून उभी राहिली. तो असं बोलतो, मनावर घेऊ नकोस, असं ती म्हणेल, असं ग्लेनिसला वाटत होतं. व्हेस्ना तसं म्हणाली नाही.

ग्लेनिस त्यानंतर त्या घरी गेली नाही. दुकानामागे तिचे वर्ग चालू राहिले. नोलन एकदा रस्त्यात भेटला, त्याने रिस्टोची चौकशी केली, आणि रिस्टो तो ओढलेला सूर नेमका कसा काढायचा हे एकदा नीट समजावून सांग म्हणाला. आपल्याला घाई आहे असं सांगून ती पुढे गेली.